पिवळ्या पायांचा पारवा

नारायणगुडा, हैदराबाद
९ फेब्रुवारी २०२५

चि. त्रिवेणी,

आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण आहे, म्हणूनच लिहिते आहे. नाहीतर तू तोडलंस ते जोडायला मी आपणहून आले नसते. मलाही थोडा मान आहे.

पत्ता तुझ्या दिवाळीच्या पार्सलवरून उतरवून घेतला. लोकरीचे मोजे पोचले. हैदराबादेत लोकरीचे मोजे कोण घालतं ग? पण मापाचे आहेत. आत चिठ्ठी असेल म्हणून मी दोन्ही मोजे उलटे करून पाहिले, नव्हती. जुना फोन तू बंद केलास, नवा नंबर आमच्यात कुणालाच दिला नाहीस, तेव्हा हेच उरलं. तुला मराठी वाचताना घाम फुटतो हे मला ठाऊक आहे, म्हणून अक्षर मोठं काढते आहे आणि काना-मात्रा सुटी ठेवते आहे. हळूहळू वाच, घाई नाही.

तर कारण असं. आपल्या खिडकीसमोरच्या बंगल्यातला पिंपळ तुला आठवत असेल. सध्या त्याची पानं झडली आहेत. सकाळी ऊन आलं की अगदी वरच्या फांद्यांवर हिरवे पक्षी येऊन बसतात. मी म्हटलं, "अहो, पोपट बघा किती आलेत!" तुझे बाबा खिडकीपाशी खुर्चीत होते. हल्ली ते तिथेच बसतात, गुडघे दुखतात त्यांचे.

तर म्हणाले, "पोपट कुठले? पोपट एवढा वेळ गप बसतेत काय कधी? चोच बघ की."

मी चष्मा पुसून आले. चोच बाकदार नाही, पारव्यासारखी सरळ. अंगही पारव्याएवढंच, जरा गुबगुबीत. डोकं राखी, छाती पिवळसर हिरवी, खांद्यावर जांभळट डाग. आणि पाय हळदीत बुडवून काढल्यासारखे पिवळे. सगळे सूर्याकडे तोंड करून ऊन खात बसले होते, पेन्शनर लोक बागेत बसतात तसे. वरच्या मजल्यावरची पद्मावती गॅलरीतून ओरडली, "अक्का, पावुरालु!" तिला सगळे पारवेच.

मी विचारलं, "मग हे कोण?"

"तिला विचार."

मला वाटलं पद्मावतीला म्हणतात. "तिला काय कळतंय, ती पारवेच म्हणते आहे," मी म्हटलं. तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिला नव्हं. तिला. तिला कळतं पक्ष्यातलं. लिही पत्र."

त्रिवेणी, तीन वर्षांत तुझा उल्लेख या घरात त्यांच्या तोंडून झालेला नाही. नाव तर त्यांनी आताही घेतलं नाहीच. पण मी तशीच उभी राहिले आणि आत दूध उतू गेलं.

म्हणून विचारते. हिरवा, पारव्याएवढा, पिवळ्या पायांचा हा पक्षी कोणता? कळव. घरी सगळं ठीक आहे. लाईट गेली की मला हल्ली फार धास्ती वाटते, बाकी काही नाही. कोठीला डॉक्टरांकडे वरचेवर चक्कर होते, ती माझ्या गुडघ्यांसाठी.

तुझी
आई

नारायणगुडा
२ मार्च

चि. त्रिवेणी,

उत्तर आलं नाही. पत्र पोचलं नसेल असं मी धरून चालते. आबिड्सच्या मोठ्या पोस्टात खिडकीवरची बाई म्हणाली, जर्मनीला वेळ लागतो. तिला म्हटलं, आमच्या घरात शेजारच्या खोलीत गोष्ट पोचायला तीन वर्षं लागतात, जर्मनी परवडली.

मागच्या पत्रात गुडघे कुणाचे लिहिले होते, त्यांचे की माझे, हे आता मलाच आठवत नाही. ते सोड.

पक्ष्यांची आणखी माहिती देते, म्हणजे तुला ओळखायला सोपं जाईल. हे घुमत नाहीत. पारवा कसा घशातल्या घशात गुटर्र करतो, तसं नाही. हे शीळ घालतात. वर जाणारी, मध्येच खाली येणारी, चुकत चुकत बसवलेल्या गाण्यासारखी. घार आली की सगळे एकदम गप्प होतात आणि हलतच नाहीत. पिंपळाची बारकी फळं उलटं लोंबकळून खातात. थव्याने येतात, थव्याने उडतात.

आणि खाली येत नाहीत. हे मी मुद्दाम पाहिलं. डब्याच्या तळाशी थोडी जुनी ज्वारी होती, ती गॅलरीच्या कठड्यावर पसरली. क्षणात सगळ्या गल्लीतले पारवे हजर. हिरव्यातला एकही हलला नाही. आत येऊन सांगितलं तर मलाच ओरडले, "कैकू टाकलीस ज्वारी? ते येत नाहीत कुणाच्या दाण्याला. झाडाचं फळ खातेत, पानावरचं दव पितेत. भुईला पाय लावत नाहीत." एवढं बोलून त्यांना दम लागला. मग पुन्हा तेच, "काय लिहिलं तिनं? कोणता म्हणाली?"

ज्वारी पसरताना तुझी आठवण झाली आणि मग मन थाऱ्यावर राहिलं नाही. तुला उगाळून सांगायची गरज नाही, तू होतीसच. पण माझ्या बाजूने ते मी कधी बोललेच नाही, म्हणून आज लिहिते. बँकेतून रिटायर झाल्यावर या माणसाला काही नाद नव्हता. सकाळी गच्चीवर जाऊन पारव्यांना ज्वारी टाकायची, तेवढा एक. भालकीला शेतात असताना त्यांचे वडील पाखरांसाठी कणसं ठेवायचे, ते डोक्यात. खोकला लागला तेव्हा कोठीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पारव्यांच्या विष्ठेची धूळ छातीत जाते आहे, दाणे बंद करा, घरटी काढा. तर म्हणाले, "मुक्या जिवांनी कुणाला रोग होतो का?" मग ते लग्नाला भालकीला गेले आणि तू जाळीवाल्यांना बोलावून घेतलंस. गॅलरी धुतली, एसीमागची घरटी काढली. त्यात अंडी होती. तू ती पिशवीत भरून खाली नेऊन टाकलीस. वर येऊन तू किती वेळ हात धूत होतीस, मी बघितलं आहे.

आणि त्यांनी आल्या आल्या बॅग दारात ठेवून म्हटलं, "ज्या हातांनी ती अंडी टाकलीस, त्या हातचं पाणी मला नको." चार माणसांसमोर म्हटलं. शिवराजभाऊजी होते, पद्मावती होती. तू त्याच आठवड्यात गेलीस, आणि ह्यांनी चाकूने जाळी कापून पुन्हा दाणे टाकायला सुरुवात केली.

लोक पैशावरून तुटतात, जातीवरून तुटतात. आमची पोर पारव्यांवरून तुटली. कुणाला सांगितलं तर हसतील.

आता दाणे बंद आहेत. मागच्या पावसाळ्यापासून बंद आहेत. का, ते विचारू नकोस.

पक्ष्याचं नाव तेवढं कळव.

तुझी
आई

नारायणगुडा
३१ मार्च

चि. त्रिवेणी,

काल उगादी झाली, आपला पाडवा. पद्मावतीने कडुनिंबाच्या फुलांची पच्चडी आणून दिली. तुझ्या बाबांनी बोटभर चाटली आणि म्हणाले, "कडूच जास्त आहे यंदा." मी म्हटलं, दरवर्षी एवढीच असते.

पिंपळाला पालवी आली. आधी तांबूस होती, आता पुरती हिरवी झाली आणि पक्षी दिसेनासे झाले. आहेत तिथेच. शीळ ऐकू येते, पिकलेली फळं टपटप पडतात, पण कितीही डोळे ताणले तरी हिरव्यात हिरवं दिसत नाही. तुझ्या बाबांना याचा फार त्रास होतो. सारखे विचारतात, "गेले काय? गेले का ते?" मी सांगते, आहेत हो, ऐका की. मग ते कान देऊन ऐकतात आणि शांत होतात.

पण एक चांगलं झालं. स्वयंपाकघरामागच्या कडुनिंबात एका जोडीने घरटं केलं. घरटं कसलं, चार काड्या आडव्या, चार उभ्या. खालून बघितलं तर आतली दोन पांढरी अंडी दिसतात. एवढ्या देखण्या पक्ष्याला घर बांधायची अक्कल मुळीच नाही. मी त्यांची खुर्ची आता तिकडच्या खिडकीला लावली आहे. दिवसा नर बसतो अंड्यांवर आणि ऊन उतरलं की मादी येते. बाबा मला हाक मारून सांगतात, "ड्यूटी बदलली बघ." बँकेत होते ना.

मागच्या पत्रानंतर एक दिवस मी त्यांना धरलंच. म्हटलं, "भुईला पाय लावत नाहीत हे माहीत, दव पितात हे माहीत, अंडी किती घालतात हे माहीत, मग नाव तेवढं माहीत नाही होय? सांगा की मला." तर आधी पिंपळाकडे बघून घेतलं. मग म्हणाले, "मी सांगितलं तर ती काय लिहील?"

मला तिथेच रडू आलं. त्यांना ठाऊक आहे ग. पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. "चुकलं" म्हणायचं नाही, "ये" म्हणायचं नाही, आणि मला पुढे करून पक्ष्याचं नाव विचारत बसायचं. आणि मीही इतकी खुळी की दोन पत्रं खरंच पक्ष्यावर लिहिली.

आणखी एक सांगते. शनिवारी त्यांनी जाळीवाल्यांना बोलवायला लावलं. होय, त्यांनीच. तुझी ती कापलेली जाळी अजून कठड्याला लोंबत होती, ती काढली आणि दोन्ही गॅलऱ्यांना नवी लावली. जाळीवाला पोरगा म्हणाला, "अंकल, थोडी ढीली रखूं क्या?" हे आतून म्हणाले, "नक्को. घट्ट लाव. एक भी पारवा आत आला नाही पाहिजे." काम झाल्यावर मला म्हणाले, "हे लिही तिला. जाळी लावली म्हणून लिही." म्हणून लिहिलं. त्याचा अर्थ काय तो तू लाव. मला विचारशील तर या माणसाने आयुष्यात याहून मोठी माफी कुणाची मागितलेली नाही.

मला एक गोष्ट लिहायची नाही, अशी शपथ घातली आहे. म्हणून लिहीत नाही. पण त्रिवेणी, तू हुशार आहेस. मी काय लिहिलं नाही ते तूच वाच.

दुपारी पोस्टमन गल्लीत आला की विचारतात, "टपाल आलं का?"

तुझी
आई

नारायणगुडा
१४ एप्रिल

त्रिवेणी,

शपथ मोडते आहे. शपथ मोडली की ज्याची घेतली त्याचं वाईट होतं म्हणतात. आता आणखी वाईट काय व्हायचं राहिलंय?

तुझ्या बाबांची छाती गेली. गुडघे त्यांचेही ठीक आहेत आणि माझेही. कोठीच्या डॉक्टरांनी फोटो दाखवला. म्हणाले, फुप्फुसं वाळून कडक झाली आहेत, आता ती परत मऊ होत नाहीत. पारव्यांमुळेच. जे तू तीन वर्षांपूर्वी सांगत होतीस, शब्दाला शब्द तेच. मागच्या पावसाळ्यात जिना चढवेना, तेव्हा दाणे बंद झाले. दिवाळीपासून घरात ऑक्सिजनचं मशीन आहे. लाईट गेली की मला धास्ती वाटते ती त्याची. नाकात नळी असते. नळी पुरेल तेवढंच घर त्यांना उरलं आहे, म्हणून खुर्ची खिडकीत.

हे तुला कळू द्यायचं नाही, ही शपथ. "तिचं खरं झालं हे तिला कळलं की ती धावत येईल आणि हसणार नाही. तेच मला नक्को," असं म्हणाले. तू हसली असतीस तर चाललं असतं म्हणे. तू रडशील, ते त्यांना बघवणार नाही. असला हा माणूस, आणि तूही त्याच मातीची. खाण तशी माती. मी दोन दगडांच्या मध्ये डाळीसारखी भरडले जाते आहे, माझं कुणाला काही नाही.

मला तुझा राग येतो. खरंच येतो. तीन पत्रं लिहिली, चार ओळी लिहायला तुझे हात मोडले का? पक्ष्याचं नाव लिहायला किती शाई लागते? मग रात्रीच्या स्वयंपाकाला लागले की वाटतं, तुला वाचताच आलं नसेल. शाळेत तुझी दुसरी भाषा हिंदी होती, मराठी मीच घरी शिकवली, अर्धी कच्ची. मग माझाच राग येतो.

शिवराजभाऊजींनी तुझ्या जुन्या ऑफिसच्या पत्त्यावर ईमेल केली, ती परत आली. आणखी कुठे शोधू तुला?

परवा अंड्यांतून पिल्लं निघाली. दोन. इतकी कुरूप की बघवत नाही. आईबाप दोघंही आपल्या गळ्यात दूध तयार करून त्यांच्या चोचीत घालतात. हे मला बाबांनी सांगितलं. चार शब्द, मग थांबून नळीतून श्वास, मग चार शब्द. "बाप पण पाजतो... बघ... फक्त याच जातीत... बाप पण पाजतो." मी म्हटलं, हो, बघितलं, आता बोलू नका.

तू ये. पत्राचं उत्तर नको, नाव नको, काही नको. निघून ये.

आई

नारायणगुडा
८ मे

त्रिवेणी,

तुझं पत्र काल आलं.

आधी माझं सांगते, मग तुझ्या पत्राकडे येते. नाहीतर मला जमणार नाही.

मागचं पत्र टाकून आले, त्याच्या पुढच्याच आठवड्यात बाबा गेले. मंगळवारी. ऊन उतरलं होतं, निंबावर मादी येऊन बसली होती, नर उडाला होता. मी म्हटलं, "ड्यूटी बदलली हो." त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "टपाल आलं का?" पोस्टमन त्या दिवशी आपल्या गल्लीत आलाच नव्हता. मी म्हटलं, "उद्या येईल." "हौ," म्हणाले. ते शेवटचं. मशीन मात्र चालूच होतं, पद्मावतीने येऊन बंद केलं. मला ते बंद करायचं भान नव्हतं.

शपथ मोडली म्हणून झालं का, असं मनात येतं. शिवराजभाऊजी म्हणतात, "वैनी, असं नसतं." असेल किंवा नसेल. मी आता त्यावर भांडणार नाही.

दहाव्याला नदीकाठी घाटावर गेलो. पिंड ठेवला आणि सगळे बाजूला झालो. कावळा नाही. या गावात कावळे राहिलेत कुठे? बराच वेळ वाट बघितली. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. तुला माहीत आहे, माणसाचं मन कशात अडकलंय ते बोलून दाखवलं की कावळा शिवतो म्हणतात. भाऊजी हात जोडून मोठ्यांदा म्हणाले, "दादा, त्रिवेणीला मी घेऊन येतो. जर्मनीला जाऊन आणतो. तुमी निश्चिंत जा." कावळा आला नाही. त्यांनी कधी इथून उदगीरच्या पुढे पाऊल टाकलेलं नाही, दादांना काय ते माहीत नव्हतं? मग मी पुढे झाले. म्हटलं, "तिच्यावर तुमचा राग नव्हता, हे मी तिला सांगेन." तेव्हा पंखांचा आवाज झाला. सगळ्यांनी माना वर केल्या.

पारवे आले ग. एक आला, मग दहा आले, मग सगळा घाट भरला. भातावर तुटून पडले. भाऊजींनी दगड उचलला. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "असू द्या. तुमच्या दादांना ह्या पारव्यांनीच खाल्लं, पिंडही ह्यांनाच खाऊ द्या." तिथे जमलेले लोक माझ्याकडे बघत राहिले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि उरकलं. मी रडले नाही. मला हसू येत होतं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून पदर तोंडाला लावला, तर लोकांना वाटलं रडते आहे.

निंबावरची पिल्लं त्याच दोन दिवसांत उडून गेली. त्या चार काड्या अजून आहेत. एवढी वावटळ झाली तरी पडल्या नाहीत.

आणि काल तुझं पत्र. माझी पहिली दोनच पत्रं तुला मिळाली होती तेव्हा लिहिलेलं. एप्रिलच्या सुरुवातीची तारीख आहे. म्हणजे तू ते लिहिलंस तेव्हा ते खुर्चीत बसून टपालाचं विचारत होते. मी ते इतक्यांदा वाचलं की पाठ झालंय. तुझ्याच शब्दांत लिहून काढते, म्हणजे तू काय लिहिलं होतंस ते तुलाही कळेल.

"आई, तुझी दोन लेटर्स मिळाली. एकेक अक्षर लावत वाचली, खूप वेळ लागला, सॉरी. जोडाक्षरं अजून जमत नाहीत. ते ग्रीन पिजन आहेत, हरियाल. पण आई, हे तू मला का विचारतेस? बाबांनाच विचार ना. त्यांनीच मला दाखवले होते, युनिव्हर्सिटीच्या वडावर, मी तिसरीत असताना. खांद्यावर बसवून. मला दिसतच नव्हते, तर म्हणाले पानं बघू नको, पानातलं हलणारं बघ. त्यांना नाव माहीत नाही असं होऊच शकत नाही. ते नाटक करतायत. त्यांना सांग, आईच्या पाठीमागे लपू नका, मला फोन करा. खाली नंबर दिलाय. तू लावून देऊ नको, त्यांनी स्वतः लावायचा. त्यांचा नंबर मला पाठ आहे, तो दिसला की मी उचलणार. अननोन नंबर मी उचलत नाही. मी अंड्यांबद्दल काही बोलणार नाही, त्यांनीही बोलायची गरज नाही. त्यांनी फक्त विचारायचं, कोणता पक्षी. मी सांगेन."

ते म्हणाले, तिला विचार. तू म्हणतेस, बाबांना विचार. नाव दोघांनाही ठाऊक, आणि दोघांनी मिळून मला आबिड्सच्या पोस्टात उभं केलंत. मी आता कुणाला विचारू?

काल दुपारपासून तुझा नंबर समोर ठेवून बसले आहे. पद्मावती म्हणाली, अक्का, माझ्या फोनवरून लाव. तो तू उचलणार नाहीस. माझ्यावरून लावला तरी तुला वाटेल की पुन्हा आई मध्ये पडली. त्यांचा फोन उशाशी होता तसाच आहे. मी चार्ज केला. त्यात तुझं नाव त्यांनी कधी पुसलंच नव्हतं, "तिवू" म्हणून आहे, जुन्या बंद नंबरासकट. त्या नावावर त्यांनी किती वेळा लावला होता ते फोनमध्ये दिसतं. नंबर बंद आहे हे माहीत असून लावत होते. मी बाजारात गेले की लावत असणार.

आता तिथे नवा नंबर घातला.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. फोन लावायचं धैर्य होईना म्हणून लिहीत बसले, तेवढाच वेळ गेला. पण आता लिहायचं काही उरलं नाही. तुझ्याकडे आत्ता दुपार असेल, जेवत असशील. फोन वाजेल, तू नंबर बघशील, तोंडातला घास तसाच ठेवून उचलशील. मला तुझा आवाज तीन वर्षांनी ऐकू येईल, आणि तू म्हणशील, "बाबा? हरियाल."

तेवढं मी तुला म्हणू देईन. मग सांगेन.